बायकोसाठी जुनी एटीव्ही घ्यायची आहे, तिला न सांगता घेऊ का?

वाचकाचं पत्र, थोडक्यात:

"आम्ही दोघं बरीच वर्षं मिशिगनमध्ये आहोत. मी डेट्रॉइटजवळ मोटारींचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत नोकरी करतो. काही वर्षांपूर्वी कॅडिलॅक गावाच्या बाजूला १२ एकर जागा घेतली, लहानसं घर आहे. बायको नारायणगावची, शेतकऱ्याची मुलगी. लग्नाआधी वडिलांचा ट्रॅक्टर चालवायची. आता आठवड्यातले तीन-चार दिवस ती तिथेच असते. भाजीचे वाफे घरापासून लांब आहेत. पाणी, खत, सरपण सगळं हातगाडीवर ढकलत नेते आणि आता गुडघे कुरकुरायला लागलेत. मागच्या खेपेला गावी गेलो तेव्हा अलिबागजवळ नागावच्या किनाऱ्यावर तिने एटीव्हीची (कच्च्या जमिनीवर चालणारी, हँडलची चारचाकी) फेरी मारली, त्यानंतर दिवसभर दुसरा विषय नव्हता. ऑगस्टमध्ये तिचा पन्नासावा वाढदिवस आहे. जवळच एकाकडे २०१२ ची होंडा रँचर ४२० विकायला आहे. फोर बाय फोर, पुढे विंच (केबल गुंडाळून ओढायचं यंत्र) आणि बर्फ ढकलायचं पातं. ४,२०० डॉलर मागतोय. 'एकदम मेंटेन ठेवलेली आहे' म्हणतो. तिला न सांगता घ्यावी आणि वाढदिवसाला सकाळी अंगणात उभी करावी असं मनात आहे. गाडी खरंच नीट ठेवलेली आहे हे कसं ओळखायचं? आणि पन्नासाव्या वाढदिवसाला जुनी वस्तू दिलेली बरी दिसेल का? – एक वाचक, मिशिगन"

नमस्कार,

तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण ते सोपं आहे. जुनी गाडी भेट द्यायला काहीही हरकत नाही. शेतकऱ्याच्या घरात वाढलेली बाई यंत्राकडे ते किती काम ओढतं या नजरेने बघते. नवी रँचर घ्यायला गेलात तर पुष्कळ जास्त पैसे जातील आणि पहिल्याच हिवाळ्यात बर्फाचं पातं लावलं की तिचं कोरेपण संपेल. नीट ठेवलेली जुनी होंडा मात्र अजून कितीतरी वर्षं काम देते. तेव्हा जुनी घ्या, आणि मनात काही न ठेवता घ्या.

न सांगता मात्र घेऊ नका.

तुमच्या मनातली ती वाढदिवसाची सकाळ मला दिसते आहे आणि तिच्यामागची माया तर पत्रभर दिसते. हातगाडी ढकलणाऱ्या बायकोचे गुडघे ज्याच्या लक्षात आले, त्याला नाही म्हणणं जिवावर येतं. तरीही सांगते, ही साडी नाही की अंगठी नाही. अंगठी बोटात नाही बसली तर सोनाराकडे नेता येते. साधारण ६०० पौंडांची, म्हणजे २७० किलोच्या आसपासची गाडी अंगाला बसली नाही तर ती बदलून मिळत नाही. आणि तिच्यावर बसून वहिनी एकट्याच रानात जाणार आहेत.

एटीव्ही लांबून पाहिली तर आरामात बसून चालवायची गाडी वाटते. खरं तर ती सगळ्या अंगाने चालवावी लागते. २०१२ च्या रँचरमध्ये ऑटोमॅटिक मॉडेल सोडलं तर बाकीच्यांचा मागचा आस एकसंध असतो. तुम्ही मोटारींच्या धंद्यात आहात, तेव्हा डिफरन्शिअल, म्हणजे वळताना दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा भाग, तुम्हाला माहीत आहेच. मागे तो नाही, त्यामुळे मागची दोन्ही चाकं एकाच वेगाने फिरतात. वळताना गाडी सरळच जायला बघते. तिला वळवायची तर सीटवर थोडं पुढे सरकून अंगाचं वजन वळणाच्या आतल्या बाजूला टाकावं लागतं. चढावर पुढे झुकायचं, उतारावर मागे सरकायचं, खड्डे आले की पायांवर उभं राहून गुडघे सैल सोडायचे. ट्रॅक्टर चालवलेल्या माणसाला यंत्राची भीती नसते, ओझ्याचा अंदाज असतो, ही वहिनींची मोठी जमेची बाजू. पण ट्रॅक्टरवर माणूस सीटवर ठाम बसतो, आणि ती सवय इथे मोडावी लागते.

आता गुडघ्यांचं. तुम्ही "रँचर ४२०" लिहिलंत, पण कोणती ते लिहिलं नाहीत. त्या वर्षी ही गाडी गिअर बदलायच्या तीन तऱ्हांमध्ये मिळत होती. एकीत डाव्या पायाने गिअर टाकायचा, क्लच मात्र आपोआप. दुसरीत हँडलवरच्या बटणांनी गिअर वर-खाली करायचे. तिसरी पूर्ण ऑटोमॅटिक. शिवाय काहींना पॉवर स्टिअरिंग आहे, काहींना नाही. जाड बूट घालून दिवसातून शंभर वेळा पंजाने गिअर उचलणं दुखऱ्या गुडघ्याला झेपेल का, हे वहिनीच सांगू शकतील. पुढे पातं लावून ओला बर्फ ढकलताना पॉवर स्टिअरिंग असणं आणि नसणं यातला फरक तर खांद्यांना पहिल्याच दिवशी कळतो. विकणाऱ्याला आज फोन कराल तेव्हा या दोन गोष्टी सगळ्यात आधी विचारा. गाडी पायाने गिअर टाकायची निघाली आणि दुखणारा गुडघा डावा असला, तर ती कितीही छान ठेवलेली असो, सोडून द्या.

म्हणून वहिनींना बरोबर घेऊन जा. गाडी बंद असताना त्यांना वर बसू द्या. पायांवर उभं राहिल्यावर सीट आणि अंग यांत तीन ते सहा इंचांची मोकळीक हवी. दोन्ही ब्रेकच्या दांड्यांवर बोटं नीट पोहोचून पहिल्या पेरापुढे वळली पाहिजेत. एक्सलरेटर मुठीने पिळायचा नसतो, उजव्या अंगठ्याने दाबायचा असतो. स्कूटीवर हात बसलेल्या माणसाला हे आधी विचित्र वाटतं. हँडल उजवीकडे पूर्ण वळवून अंगठा तिथे पोहोचतो का ते बघा. माझा हात लहान आहे, आणि एका गाडीवर नेमका इथेच माझा अंगठा अपुरा पडायचा, म्हणून ती मी घेतली नाही. नवऱ्याने एकट्याने जाऊन पसंत केली असती तर ही गोष्ट त्याच्या ध्यानातही आली नसती.

आणखी एक साधं कारण आहे. मिशिगनमध्ये एटीव्हीला टायटल, म्हणजे मालकीचा सरकारी कागद, लागतं, आणि माझं आग्रहाचं सांगणं आहे की ते वहिनींच्या नावावर करा. तुम्ही त्यांच्यासाठी घेताय ना, मग मालकी कागदावरही त्यांचीच असू दे. टायटलच्या अर्जावर नव्या मालकाची सही लागते, म्हणजे न सांगता हे जमणारच नाही.

त्या "कशाला एवढा खर्च?" म्हणतील, ही भीतीसुद्धा तुमच्या पत्रात ओळींमधून डोकावते. म्हणतीलच. आपल्याकडची कुठली बाई स्वतःसाठीच्या चार हजार डॉलरला पहिल्या झटक्यात हो म्हणते? त्यांना नागावचा दिवस आठवून द्या, हातगाडीचं नाव काढा आणि "नुसती बघायला चल" एवढंच म्हणा. वाढदिवसाच्या सकाळी उघडायला काहीतरी हवंच असेल तर हेल्मेट किंवा गाडीमागे जोडायचा लहान ट्रेलर ठेवा. खत आणि सरपण ओढायला तो लागणारच आहे. कॅरिअरवर भलतं वजन चढवलं की गाडीचा तोल जातो. किती वजन चालतं ते गाडीवरच्या स्टिकरवर आणि मॅन्युअलमध्ये दिलेलं असतं, आणि ते आपल्या अंदाजापेक्षा कमीच असतं.

आता "मेंटेन ठेवलेली"कडे वळू. हे दोन शब्द जाहिरातीत लिहायला काहीच लागत नाही, त्यामुळे ते वाचलेच नाहीत असं समजा आणि गाडीलाच विचारा.

फोनवर सांगा, "आम्ही येईपर्यंत गाडी सुरू करू नका." पोहोचल्यावर आधी इंजिनाला आणि सायलेन्सरच्या नळीला हात लावा. गरम लागली तर थंडीत सुरू व्हायला त्रास देणारी गाडी आधीच तापवून ठेवलेली असू शकते. चहा घ्या, गप्पा मारा, थंड होऊ द्या. कॅडिलॅकच्या थंडीत, जानेवारीच्या सकाळी बर्फ काढायच्या वेळी ती सुरू होणार की नाही, हे थंड इंजिनच सांगतं. सुरू झाल्यावर मागे उभं राहून धूर बघा. निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय. इंजिन तापल्यानंतरही पांढरा धूर येत राहिला तर कूलंट आत जातंय अशी शंका घ्या, कारण ४२० ला रेडिएटर आहे. सुरुवातीला थोडी वाफ दिसली तर घाबरू नका, ती थांबते.

मी सगळ्यात जास्त वेळ सीटखाली घालवते. सीट काढायला खटका असतो, हत्यार लागत नाही. खाली एअर फिल्टरचा डबा आहे. त्याचं झाकण उघडा. विकायच्या आदल्या दिवशी बाहेरून गाडी सगळेच धुतात, हा डबा फार थोडे लोक पुसतात. आतला फोमचा फिल्टर ऑइल लावलेला, किंचित चिकट आणि स्वच्छ असला तर मालक पुस्तक वाचून काम करणारा आहे. फिल्टर कोरडा, कडक, हातात भुगा होणारा असेल तर धूळ इंजिनात गेलेली आहे आणि तिने पिस्टनच्या रिंगा घासलेल्या आहेत. फिल्टर बाजूला करून इंजिनाकडे जाणाऱ्या नळीच्या तोंडात बोट फिरवा. बोटाला रेती लागली तर तिथून परत फिरा. डब्याच्या आतल्या भिंतीवर वाळलेल्या चिखलाची आडवी रेघ दिसली तर गाडी तेवढ्या पाण्यात बुडाली होती असं समजा. कधीकधी डब्यात गवताच्या काड्या, कापूस आणि अक्रोडाची टरफलं सापडतात. ते उंदराचं घर. त्याने फार बिघडत नाही, पण जवळच्या वायरी कुरतडल्यात का ते टॉर्च लावून नीट बघावं लागतं. डबा स्वच्छ आणि फिल्टर ताजा असला की पुढची तपासणी मी निम्म्या काळजीने करते.

मग ऑइल. डिपस्टिक काढून पांढऱ्या कागदावर पुसा. काळपट असलं तर चालतं, बदलता येतं. दुधाळ, चहासारखं दिसलं तर आत पाणी आहे. पुढच्या आणि मागच्या गिअरपेटीच्या ऑइलचंही असंच बघायचं. तिथे एकेक बोल्ट असतो, तो पान्याने सोडून बोट बुडवायचं. विकणाऱ्याला आधी विचारा. तो "कशाला खोलता?" म्हणाला तर उत्तर मिळालंच.

चाकांकडे जाताना पुढच्या आसांवरचे रबरी बूट बघा. फाटलेले असले तर आतलं ग्रीस उडून चाकाच्या आतल्या बाजूला काळे फराटे उमटतात. पुढची बाजू जॅकवर उचलून चाक आधी वर-खाली धरून हलवा, मग डावी-उजवीकडे. वर-खाली खडखडलं तर बेअरिंग किंवा बॉल जॉइंट, आडवं खडखडलं तर स्टिअरिंगचा टाय रॉड. याचे भाग मिळतात आणि ते बदलताही येतात, म्हणून एवढ्यासाठी गाडी नाकारू नका. किंमत मात्र त्या हिशोबाने बोला.

या मॉडेलला पुढे डिस्क ब्रेक आहेत, पण एकसंध आस असलेल्या गाड्यांना मागे एकच बंदिस्त ड्रम ब्रेक असतो. त्याचं सील जुनं झालं की आत चिखल-पाणी शिरतं आणि सगळं गंजतं. सपाटीवर हळू चालवत नुसता मागचा ब्रेक लावून बघा, डाव्या हाताच्या दांडीने आणि उजव्या पायानेही. खरखर आवाज आला किंवा दांडी पार हँडलला टेकली तर ड्रम उघडावा लागेल. फोर बाय फोरचा खटका दोन्हीकडे टाकून ओल्या मातीत पुढची चाकं खरंच ओढतात का तेही बघून घ्या.

तुमच्या या गाडीत माझी खरी काळजी आहे ती पुढच्या पात्याची. बर्फ ढकलणारी गाडी सारखी पुढे धडकते, मागे येते, परत धडकते. हिवाळाभर. तो मार पुढच्या चासिसला बसतो. पातं उतरवायला सांगा आणि ते जिथे जोडलंय तिथे खाली वाकून वेल्डिंगच्या जोडांवर टॉर्च मारा. केसासारखी चीर दिसते का, नवा काळा रंग फक्त तेवढ्याच भागावर मारलाय का? बाकी सगळी चासिस जुनाट आणि एक हातभर भाग चकाकणारा, असं दिसलं तर रंगाखाली काहीतरी आहे. रेडिएटरच्या जाळीत चिखल थापून बसलाय का बघा. विंचची केबल पूर्ण बाहेर काढून परत गुंडाळून बघा.

मीटरवर तास आणि मैल दोन्ही दिसत असतील तर मैलांना तासांनी भागा. उत्तर ४-५ आलं तर गाडी बहुतेक सावकाश कामाला जुंपलेली होती, बर्फ काढायला, लाकडं ओढायला. १२-१५ आलं तर ट्रेलवर, म्हणजे जंगलातल्या वाटांवर, पळवलेली आहे. दोन्हींत वाईट काही नाही, पण मालक सांगतो ती गोष्ट आकड्याशी जुळली पाहिजे. "फक्त घराभोवती वापरली" म्हणणाऱ्याच्या गाडीचं उत्तर १५ येऊ नये.

पावत्या मागा. नसल्या तरी विचारा, शेवटचं ऑइल कधी बदललं, कोणतं टाकलं, फिल्टर कुठून आणला. स्वतः गाडी सांभाळणारा माणूस या प्रश्नांवर खुलतो. कपाटातून उरलेली बाटली काढून दाखवतो, पुढच्या सर्व्हिसिंगला आणून ठेवलेला फिल्टरही देऊन टाकतो. असा माणूस भेटला तर दोनशे डॉलरसाठी फार ताणू नका.

कागदपत्रांत मात्र भीड नको. चासिसवर ठोकलेला १७ अक्षर-आकड्यांचा व्हीआयएन नंबर आणि टायटलवरचा नंबर एकच आहे का ते स्वतः, एकेक अक्षर लावून बघा. त्यातलं दहावं अक्षर मॉडेलचं वर्ष सांगतं, २०१२ साठी तिथे इंग्रजी सी हवं. टायटल विकणाऱ्याच्याच नावावर हवं आणि त्यावर कर्जाची नोंद राहिलेली नसावी. "टायटल नंतर पाठवतो" म्हणणाऱ्याला "मग आम्ही पैसेही नंतर देतो" म्हणा. नंबर एनआयसीबी या विमा कंपन्यांच्या संस्थेच्या मोफत तपासणीत टाकला तर चोरीची नोंद आहे का ते कळतं. एक गोष्ट मोटारींच्या धंद्यातल्या माणसांचीही चुकते. रस्त्यावरच्या गाड्यांचे रिकॉल, म्हणजे दोषामुळे कंपनीने गाड्या परत बोलावणं, एनएचटीएसए ही रस्ते-सुरक्षेची सरकारी संस्था बघते, पण एटीव्ही सीपीएससी या ग्राहकोपयोगी वस्तूंच्या सुरक्षेच्या संस्थेच्या कक्षेत येते. त्यामुळे नेहमीच्या ठिकाणी शोधून "रिकॉल नाही" असं समजू नका. होंडाच्या डीलरला नंबर सांगून विचारा. सेक्रेटरी ऑफ स्टेटच्या कचेरीत नाव बदलताना ६ टक्के कर भरावा लागेल, तो बजेटमध्ये धरा. आपल्याच जागेत चालवायची असेल तर ट्रेलचं स्टिकर लागत नाही. सरकारी जंगलातल्या ट्रेलवर जायचं ठरलं तर ओआरव्ही (ऑफ-रोड गाडीचं) लायसन्स आणि ट्रेल परमिट घ्यायचं. त्याचं वर्ष १ एप्रिल ते ३१ मार्च असं चालतं.

आगाऊ टोकन कुणालाही पाठवू नका. गाडी बघायला विकणाऱ्याच्या घरी जा, तेही दिवसा. पार्किंगमध्ये भेटू म्हणणाऱ्याची गाडी कुठे आणि कशी ठेवलेली असते ते आपल्याला कधीच दिसत नाही. केली ब्लू बुक या गाड्यांचे भाव सांगणाऱ्या वेबसाइटवर त्या नेमक्या मॉडेलचा भाव बघून ठेवा. ४,२०० हा आकडा विंच आणि पातं धरून मला वावगा वाटत नाही, पण तो सगळं ठाकठीक असलेल्या गाडीचा आकडा आहे. टायरच्या बाजूंना भेगा असतील, बॅटरी थकलेली असेल, मागचा ब्रेक उघडावा लागणार असेल तर एकेकाचा खर्च मांडून तेवढा कमी करायला सांगा.

आता एक गोष्ट तुमच्यासाठी, आणि ही मी कळकळीने लिहिते आहे. आपण सगळे डबलसीट वाढलेलो आहोत. लुना, स्कूटर, बुलेट, मागे कुणीतरी बसलेलं नाही अशी दुचाकी आपल्याला अर्धवट वाटते. रँचरची लांब सीट पाहून तुमच्याही मनात येईल, मी चालवतो, तू मागे बस. ते करू नका, त्या चालवत असताना तुम्हीही मागे बसू नका. ती लांबी दुसऱ्या माणसासाठी ठेवलेलीच नाही. चालवणाऱ्याला पुढे-मागे सरकता यावं म्हणून ती आहे. मागे माणूस बसला की चालवणाऱ्याची जागा अडकते, वजन मागच्या आसाच्याही मागे जातं आणि साध्या चढावर पुढची चाकं उचलली जाऊन गाडी मागे उलटू शकते. २७० किलो अंगावर आल्यावर गुडघे-पाठ सोडा, जीव वाचणं कठीण. नागावला गाडीवाला मुलगा मागे बसतो, हेल्मेट नसतं, आणि सपाट ओल्या वाळूवर तेवढी फेरी निभते. त्यावरून तुमच्या जागेतल्या उतारांचा अंदाज बांधू नका. दोघांनी मिळून हिंडायचं हीच खरी हौस असेल तर दोघांसाठी बनवलेली एटीव्ही मिळते, किंवा शेजारी-शेजारी बसायची, पट्टे आणि वर लोखंडी पिंजरा असलेली साइड-बाय-साइड. ती महाग असते, जागाही जास्त खाते. हा निर्णय गाडी बघायला जायच्या आधी दोघांनी बसून घ्या.

डांबरी रस्त्यावरही नेऊ नका, शेजाऱ्याच्या घरापर्यंतसुद्धा नाही. या टायरांत हवा जेमतेम ५ पीएसआयच्या आसपास असते. मातीत ते पसरून पकड घेतात, पण डांबरावर अचानक चिकटतात आणि वळताना गाडी उचलली जाते. कारचं हवा मोजायचं यंत्र एवढा कमी दाब नीट दाखवत नाही, कमी दाबाचं वेगळं गेज घ्या. ओढणी, मफलर, सैल जाकिटाच्या नाड्या, सगळं आत खोचून बसायचं.

आणि शिकवायला तुम्ही जाऊ नका. नवऱ्याने बायकोला गाडी शिकवताना किती संसारांत अबोला झाला असेल! एटीव्ही सेफ्टी इन्स्टिट्यूटचा रायडर कोर्स असतो, मैदानावर, प्रशिक्षकाबरोबर, अर्ध्या दिवसाचा. मोठ्या माणसांना तो सक्तीचा नाही, पण अंगाचं वजन कसं टाकायचं ते तिथे अंगात उतरतं.

गाडी आणायला भाड्याचा बुटका ट्रेलर घ्या. पिकअपच्या उंच पाठीवर फळ्या टेकवून चढवताना फळी सरकते, गाडी मागे येते आणि लोक जखमी होतात. घरी आल्यावर, विकणारा काहीही म्हणो, इंजिनाचं आणि दोन्ही गिअरपेट्यांचं ऑइल बदला, कूलंट आणि ब्रेक ऑइल नवं भरा, फिल्टर धुवून पुन्हा ऑइल लावा, आणि त्या दिवसाची तारीख नि मीटरचा आकडा एका वहीत लिहा. हे काम वहिनींबरोबर करा. पाना कुठे लागतो, ऑइल कुठून काढायचं, हे त्यांच्या हाताला एकदा कळलं की तुम्ही डेट्रॉइटला असताना गाडी अडून राहणार नाही. हिवाळ्यात बॅटरीला चार्जर लावून ठेवायचा आणि सीटखालचा डबा महिन्यातून एकदा उघडायचा, उंदरांसाठी.

हेल्मेट आणि गॉगल मात्र नवेच घ्या, दुकानात डोक्यावर घालून बघून. जुन्या हेल्मेटने आधी मार खाल्लाय का ते बाहेरून कळत नाही. आणि कोर्सचं बुकिंग आत्ताच करा. उन्हाळ्यात तारखा लवकर भरतात, ऑगस्टच्या आत हवा असेल तर थांबून चालणार नाही. दोघांची नावं घाला. वहिनी आजारी पडल्या तर जानेवारीत बर्फ तुम्हालाच काढायचा आहे.